संत्र्याच्या सालींचा वाकडा पेला

आमच्या घरात सालींवरून जेवढी भांडणं झाली, तेवढी लोकांच्या घरात सोन्यानाण्यावरून होत नसतील. आणि साली तरी कसल्या, तर संत्र्याच्या. रस काढून झाल्यावर उरलेल्या. म्हणजे ज्याला शहाणी माणसं कचरा म्हणतात, तो.

आमचं रसाचं दुकान आहे. खाली दुकान, मागे फरशी घातलेलं अंगण, आणि वर आम्ही राहतो. गल्ल्यावर मी. मिक्सर आणि रस काढायचं यंत्र आमच्या ह्यांच्याकडे. सासूबाई मागच्या दारात स्टुलावर बसून सगळ्या जगावर लक्ष ठेवतात. भांडण सुरू झालं की आमचे हे मिक्सर लावतात. त्यात फळ असो नसो. रिकामा मिक्सर इतका वेळ फिरलेला मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही.

चौथी माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ही फ्रॉक घालत होती, म्हणून लग्न करून मी या घरात आले ती तिचं बोट धरूनच. पहिल्याच दिवशी सासूबाई उंबऱ्यात म्हणाल्या, "एक सून मागितली होती, दोन आल्या." तेव्हापासून हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की मला झोपेतून उठवलंत तरी मी ते त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन.

धाकटी शिकली, मोठी झाली आणि एका प्रयोगशाळेत नोकरीला लागली. मला वाटलं, आता ही औषधंबिषधं शोधेल. तर ही आली घरी आणि म्हणाली, "ताई, तुझ्या दुकानातल्या साली मला हव्यात. सगळ्या." मी म्हटलं, काय करतेस? तर म्हणे प्लास्टिक. साली उकळायच्या, वाटायच्या, त्यात थोडं मक्याचं पीठ आणि ग्लिसरीन घालून खळीसारखं शिजवायचं आणि साच्यात ओतून वाळवायचं. त्याचे पेले होतात. पेल्यातून रस प्यायचा आणि पेला मातीत टाकायचा, की तो मातीत विरून जातो.

"विरूनच जाणार असेल तर करायचा कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

धाकटीने त्यांना नीट समजावून सांगितलं. समुद्र, गटारं, गाईंच्या पोटातल्या पिशव्या, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून तिचं नाव 'सालवाली' ठेवलं.

तर झालं असं, की पूर्वी आमच्या साली रोजच्या रोज कचऱ्याच्या गाडीत जायच्या. आता त्या मागच्या अंगणात पिंपात साठायला लागल्या, कारण धाकटी दोन-तीन दिवसांनी एकदाच टेम्पो आणायची. साली साठल्या की माश्या आल्याच. आणि माशी हा सासूबाईंचा जन्माचा वैरी. माणसाचं वाईट वागणं त्या एखाद वेळ विसरतील, पण कुठल्या माशीने कधी कशावर पाय ठेवला ते त्यांच्या कायम लक्षात राहतं.

धाकटीने पिंपावर मोठ्या अक्षरात पाटी लावली, 'यात सालींशिवाय काहीही टाकू नये.' सासूबाई म्हणाल्या, "हे मला उद्देशून आहे." होतंच. पण तसं कबूल कोण करणार?

अंगणाची भिंत रंगवून उरलेली चुन्याची भुकटी घरात होती. सासूबाईंनी दुधाच्या पावडरीचा जुना डबा घेतला, झाकणाला खिळ्याने भोकं पाडली, त्यात चुना भरला आणि रोज संध्याकाळी दुकान आवरताना गुपचूप पिंपात शिंपडायला सुरुवात केली. एक थर साली, एक थर चुना. मी पाहिलं. त्यांनी मला पाहताना पाहिलं.

"तिला सांगितलंस तर बघ," त्या म्हणाल्या.

मी मूग गिळून गप्प बसले. दोघींच्या मधे मला राहायचं असतं हो. आणि चुना काय, धुतला की जातो, असं मला वाटलं.

इकडे पहिल्या सालींपासूनच धाकटीचे पेले काही जमत नव्हते. दर आठवड्याला एक पेला घरी यायचा, त्यात पाणी ओतलं की आधी तो घामाघूम व्हायचा, मग मऊ पडायचा आणि मग टेबलावर लोळण घ्यायचा. आमच्या जेवणाच्या टेबलाने तेवढं पाणी पावसातही पाहिलं नसेल. आणि मग एके दिवशी ती नाचतच जिना चढली. हातात पेला. एका बाजूला मान टाकलेला, काठ एकीकडे वर एकीकडे खाली, रंगाने चहासारखा. पण त्यात पाणी होतं, आणि ते आतच होतं!

"मंद आच!" ती म्हणाली. "ताई, सगळा प्रश्न आचेचा होता. हळूहळू शिजवलं आणि जमलं." त्यानंतर जेवताना आम्ही सगळ्यांनी मंद आचेवर एक भाषण ऐकलं. आमच्या ह्यांचा हात दोनदा नसलेल्या मिक्सरकडे गेला.

मग तिने नवा साचा आणला, पेले सरळ व्हायला लागले, आणि तो पहिला वाकडा पेला तिने टाकून दिला. निदान आम्हाला तसंच वाटलं.

आता इथवर सगळं गमतीचं होतं. पण एका संध्याकाळी धाकटी घरी आली ती गप्प. ताटात नुसती बोटं फिरवत बसली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली. प्रयोगशाळेच्या वरिष्ठांचं म्हणणं, सालींवर पुष्कळ वेळ गेला, आता कुणीतरी हे पेले विकत घेणारं पाहिजे. एका मोठ्या इस्पितळाच्या कँटीनचे साहेब पेले बघायला तयार आहेत. त्यांनी हो म्हटलं तर काम पुढे चालू. नाही म्हटलं तर सालींचं काम बंद आणि हिची बदली लांबच्या शहरातल्या शाखेत, रंगांच्या विभागात.

"तिथे काय करायचं?" मी विचारलं.

"रंग वाळायला किती वेळ लागतो ते मोजायचं."

"रंग वाळायचा तेव्हा वाळतो! त्यात मोजायचं काय डोंबल?"

सासूबाई पाणी पीत होत्या. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे की. एक ताट कमी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. आमचे हे जेवण अर्धवट टाकून खाली गेले आणि खालून मिक्सरचा आवाज यायला लागला. खरं सांगते, मला राग सासूबाईंचा आला नव्हता. भीती वाटली होती, धाकटी नसलेल्या घराची. ज्या पोरीच्या वेण्या मी घातल्या, ती परक्या गावात एका भिंतीसमोर खुर्ची टाकून रंग वाळायची वाट बघत बसणार, हे मला बघवत नव्हतं.

साहेबांनी एक अट घातली होती. म्हणाले, "प्रयोगशाळेत सगळंच टिकतं. जिथे खरा रस मिळतो तिथे बघू." म्हणजे आमच्याच दुकानात. हे ऐकलं आणि मी पदर खोचला. माझ्या बहिणीचा एवढा मोठा दिवस, आणि तिला मी पिंपातला कचरा देऊ? छे! लोक पाहुण्यांसाठी ठेवणीतल्या बशा काढतात, मी ठेवणीतल्या साली काढायचं ठरवलं.

बाजारातून संत्री मी स्वतः निवडून आणली. डाग असलेलं एक घेतलं नाही. फळवाला म्हणाला, "वहिनी, रसच काढायचाय ना?" मी म्हटलं, "रसाला कोण विचारतंय?" एकेक साल मी गरम पाण्यात बुडवली, ब्रशने घासली, पुन्हा धुतली आणि स्वच्छ पंच्याने पुसली. आमचे हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "इस्त्री पण करून टाक." सासूबाई डबा घेऊन आल्या, तसा मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर ठेवला. "आज नाही," मी म्हटलं. "हा घाणेरडा प्रकार आज अजिबात नाही."  त्या फुरंगटून वर निघून गेल्या.

साली मी नव्याकोऱ्या झाकणाच्या डब्यात भरून पाठवल्या. धाकटीचा लगेच फोन आला, "ताई, किती सुंदर साली आहेत गं! मला रडायला येतंय." माझे पाय जमिनीवर ठरेनात.

त्या सालींचे पेले साच्यातून निघाले ते थेट साहेब यायच्या दिवशी सकाळी. वाळायला वेळ लागतो ना. पण काय पेले होते! सोनेरी, सरळ, उन्हात धरले तर पलीकडचं दिसेल असे. एवढे देखणे पेले गळतील अशी शंका आम्हा कुणालाच आली नाही. आणि कितीतरी आठवडे एकही गळला नव्हता, मग कशाला येईल?

साहेब दुपारी आले, ऐन जेवणानंतरच्या सुस्तीच्या वेळी. सासूबाई वर पडल्या होत्या. साहेब म्हणजे शिडशिडीत, मोजकं बोलणारा माणूस, पायात चकचकीत बूट आणि अंगात पांढरीशुभ्र पँट. ती पँट बघूनच मला सावध व्हायला हवं होतं. ते गल्ल्यासमोरच्या बाकावर बसले. आमच्या ह्यांनी ताजा रस काढला, मी तो सोनेरी पेल्यात ओतला आणि साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी पेला मांडीवर टेकवला आणि धाकटी बोलायला लागली.

ती छान बोलत होती. मी मात्र पेल्याकडे बघत होते. आधी पेल्याच्या अंगावर थेंब आले. मला वाटलं, रस गार आहे म्हणून असेल. मग पेल्याचं पोट सुटायला लागलं. साहेब तो उचलायला गेले, तर काठ हातात आला आणि बूड मांडीवरच राहिलं. सगळा रस पांढऱ्या पँटवर.

"दुसरा घ्या, दुसरा!" मी ओरडले आणि कुणी थांबवायच्या आत दुसरा भरून दिला. माझंही डोकं बघा. त्याने तर पहिल्यापेक्षा लवकर मान टाकली. आता डाव्या मांडीला उजवीची सोबत झाली.

आमच्या ह्यांनी मिक्सर लावला.

 हातात तो लिबलिबीत काठ धरून धाकटी नुसती उभी होती, आणि लहानपणी फुगा फुटल्यावर जसं तोंड व्हायचं अगदी तसं तिचं तोंड झालं होतं. मला त्या साहेबांना, त्या पेल्यांना, त्या संत्र्यांना आणि स्वतःला, सगळ्यांना एकदम झोडून काढावंसं वाटलं. साहेब रुमालाने पँट टिपत उठले. "ठीक आहे," ते म्हणाले. "कळवतो." कळवतो म्हणजे काय ते आम्हा दुकानदारांना सांगायला नको.

आणि एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मिक्सर लागला म्हणजे खाली भांडण, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक. आपल्याशिवाय भांडण व्हावं हे त्यांना कधीच सहन होत नाही. त्या झोपेतून उठून तशाच धावत आल्या होत्या. केस मोकळे, तोंडाचं बोळकं, आणि हातात, अंगाजवळ जपून धरलेला, पाण्याने भरलेला एक पेला. पाण्यात त्यांची कवळी.

"काय झालं? कोण काय बोललं?" असं काहीतरी त्या म्हणाल्या. दातांशिवाय ते सगळं वाऱ्यावर गेलं.

पण त्यांच्याकडे कोण बघतंय? धाकटी त्या पेल्याकडे बघत होती. एका बाजूला मान टाकलेला, काठ एकीकडे वर एकीकडे खाली, रंगाने चहासारखा.

"मावशी," ती म्हणाली, "हा तुमच्याकडे कसा?"

सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत बोटं पाण्यात घातली, दात काढले, झटकले, बसवले आणि मग ताठ मानेने उत्तर दिलं. "फेकला होतास. मी उचलला. याला चोरी म्हणत नाहीत."

"नाही हो, तसं नाही. यात पाणी कधीपासून आहे?"

"उचलला तेव्हापासून. रोज बदलते. मी काय शिळ्या पाण्यात दात ठेवीन?"

साहेब परत खाली बसले. रस सांडलेल्या बाकावरच बसले, पण आता त्यांना काय फरक पडणार होता! त्यांनी तो पेला मागून घेतला, पाण्यासकट वर धरला, बुडाला बोट लावलं, बोट बघितलं. कोरडं.

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, आच तीच, पीठ तेच. मला साली कुठल्या दिल्यास?"

"सगळ्यात चांगल्या!" मी म्हटलं. "घासल्या, धुतल्या, पुसल्या!"

"आणि रोजच्या?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई छताकडे बघत होत्या. मिक्सर थांबला होता, त्यामुळे लपायलाही काही आडोसा नव्हता. शेवटी मी कपाटावरून डबा काढला आणि गल्ल्यावर ठेवला. भोकांतून थोडा चुना उडाला.

"माश्यांसाठी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या पाटीखाली रोज टाकत होते. काय करायचं ते कर."

धाकटीने डब्यात बोट घातलं, बोटाकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारून मटकन खाली बसली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसताच तिने साहेबांना सांगितलं, की सालींमध्ये एक चिकट भाग असतो, ज्याच्यामुळे जॅम घट्ट होतो तो. त्याला चुना मिळाला की त्याची पकड पक्की होते, मग तो पाण्याला सुटत नाही. रात्रभर साली चुन्यात पडून राहायच्या, तोवर चुना धुऊन जाण्याच्या पलीकडे गेलेला असायचा. मंद आचेचं नाव त्यानंतर आमच्या घरात कुणी काढलेलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्यामुळे."

"आणि हिने," माझ्याकडे बोट, "हिने माझा डबा काढून घेतला. सगळ्यांसमोर सांगते. घाणेरडा प्रकार म्हणाली."

 साहेबांनीच मला वाचवलं. ते म्हणाले, "पेला पाणी धरतो, हे दिसलं. पण पाणी काय, प्लास्टिकही धरतंच. चुन्याने एवढा घट्ट झालाय, तर हा मातीत विरेल का? नाहीतर मला त्याचा उपयोग नाही." त्यांनी वाकडा पेला गल्ल्यावर ठेवला. "नवा पेला नको. मी हाच पाहिलाय. हाच मातीत पुरा. मी पुन्हा येऊन उकरून बघेन. तोवर चुन्याचे नवे करून ठेवा."

"हा नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पेला उचलून पदराआड घेतला.

"मावशी, मी तुम्हाला दुसरा देते. चांगला, सरळ."

"मला सरळ नको. याच्या वाकड्या बाजूला माझे दात बरोबर बसतात. हा माझा आहे."

"अहो आई, एक पेला तो!" माझा पारा चढला. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे आणि तुम्ही दात घेऊन बसल्यात!"

"मग कुठे ठेवू दात? तुझ्या गल्ल्यात?"

मिक्सर सुरू झाला. मी जाऊन त्याची पिन काढून टाकली. आमच्या लग्नानंतर हे पहिल्यांदाच झालं असेल. सगळं दुकान शांत झालं, आणि त्या शांततेत सासूबाई कुणाकडेही न बघता साहेबांना म्हणाल्या, "हा मातीत विरला नाही, तर ही जाणार?"

"ते त्यांच्या वरिष्ठांच्या हातात," साहेब म्हणाले. "पण बहुतेक हो."

"आणि विरला तर राहणार?"

"विरला तर मी पेले घेईन."

सासूबाई थोडा वेळ पेल्याच्या काठावरून अंगठा फिरवत उभ्या राहिल्या. मग मोरीपाशी गेल्या, पाणी ओतून टाकलं, पेला पदराने पुसला आणि साहेबांच्या हातात दिला. "एक सून मागितली होती, दोन आल्या," त्या म्हणाल्या. मी ओठ आवळले. पण या वेळी पुढेही काहीतरी होतं. "दोन आल्या तर आल्या. आता एक कमी करायची मला सवय नाही. पुरा."

धाकटी रडली. मीही रडले. आमचे हे पिन शोधत होते.

पेला अंगणातल्या एका रिकाम्या कुंडीत पुरला. पिंपावरची पाटी बदलली, 'यात साली टाकाव्यात. चुना फक्त मावशींनी टाकावा.' धाकटीने चुना मोजायला चमचा आणून दिला, त्यावरून सासूबाई दोन दिवस रुसल्या. "माझ्या हाताला माप लागतं?" पण मग चमच्याने टाकायला लागल्या. दात आता स्टीलच्या वाटीत. ते रात्री वाजतात अशी रोज सकाळी तक्रार. दात स्वतःहून कसे वाजतील, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

खरा बदल त्या कुंडीपाशी झाला. ज्या बाईने सगळं आयुष्य काहीही कुजू नये म्हणून घालवलं, ती आता स्टूल कुंडीजवळ ओढून बसायची आणि म्हणायची, "कूज की मेल्या." पाणी घालायच्या, रसाचा चोथा घालायच्या, चमच्याने माती खालीवर करायला जायच्या आणि धाकटी ओरडायची, "मावशी, उकरायचं नाही!" एकदा कुंडीच्या काठावर एक माशी येऊन बसली. मी मागच्या दारातून बघत होते. सासूबाईंचा हात सवयीने वर गेला आणि तसाच राहिला. मग त्या माशीला म्हणाल्या, "बस बाई, बस. काय करायचं ते कर." हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

एका संध्याकाळी त्या माझ्याजवळ आल्या. आवाज एकदम खाली. "अगं, माझा चुना लागलाय त्याला. मी चुना टाकलेलं काही कधी कुजलं नाही. हाही नाही कुजला तर?" त्यांच्या तोंडावर भीती होती, खरीखुरी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा हात हातात घेतला.  "कुजेल हो, आई," म्हटलं. मलाही त्याच भीतीने झोप लागत नव्हती.

दोन महिन्यांनी साहेब परत आले, या वेळी काळी पँट घालून. गल्ल्यावर धाकटीने चुन्याच्या सालींचे पेले सकाळपासून रस भरून ठेवले होते. साहेबांनी एक उचलला, अंगापासून चांगला लांब धरला, बराच वेळ धरला. मग प्यायले. मग पेल्याचं बूड आपल्या रुमालावर टेकवलं आणि रुमाल बघितला. "हं," म्हणाले.

मग आम्ही सगळे अंगणात. वर्तमानपत्र पसरलं आणि धाकटीने कुंडी पालथी केली. मातीचा गोळा पडला. तिने तो बोटांनी फोडला. माती. आणखी फोडला. माती, दोन गांडुळं, आणि कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ एक तुकडा, काठाचा असावा. साहेबांनी तो चिमटीत धरला आणि तो चिमटीतच भुगा झाला.

"पाठवा," साहेब म्हणाले. "आधी एका वॉर्डापुरते. मग बघू."

मी धाकटीला अशी मिठी मारली की ती किंचाळली. आमचे हे आत पळाले आणि मिक्सर लावला. आनंदाचा मिक्सर वेगळा वाजतो असं ते म्हणतात, मला तरी तसाच ऐकू आला. साहेबांना निरोप देऊन मी परत अंगणात आले, तर सासूबाई वाकून त्या मातीत बोटं घालून बसल्या होत्या.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेला, मावशी," धाकटी म्हणाली. "सगळा गेला."

"बरं झालं." त्यांनी हाताची माती झटकली. "मला फार आवडायचा तो. तू केलेला पहिला होता ना, म्हणून घेतला होता. दातांचं काय, दात कशातही राहतात."

 पुढच्या आठवड्यात धाकटी प्रयोगशाळेतून आली ती एक पेला घेऊनच. साचा मुद्दाम तिरका धरून केलेला. एका बाजूला मान टाकलेला, चहासारख्या रंगाचा. सासूबाईंनी तो हातात घेतला, चष्मा लावला, फिरवून फिरवून बघितला, दात काढून आत ठेवून बघितले आणि परत तिच्या हातात दिला.

"हा डावीकडे वाकडाय," त्या बोळक्यानेच म्हणाल्या. "तो उजवीकडे होता. दुसरा कर."

"करते, मावशी. आजच साच्यात ओतते."

"सावकाश कर," सासूबाई म्हणाल्या. "आता कुठे जायचंय तुला?"